अँजिओप्लास्टीनंतरचा रक्तस्राव : कधी घरी थांबायचं, कधी धावायचं

‘स्टेंट बसवून चार दिवस झाले. मांडी गुडघ्यापर्यंत काळीनिळी पडली आहे. गोळ्या बंद करू का?’ हा प्रश्न वाचक पुन्हा पुन्हा विचारतात. याच्या अगदी उलट वागणारे रुग्णही असतात. मांडीतून अँजिओग्राफी झालेल्या रात्री कंबर भरून आली, घाम फुटला, तरी ‘दिवसभर पाठीवर पडून होतो ना, म्हणून असेल’ असं समजून ते बाम चोळत बसतात आणि पहाटे त्यांचं ब्लडप्रेशर सापडत नाही. पहिल्या रुग्णाच्या मांडीला बहुधा काहीच धोका नसतो, पण त्याने घाबरून गोळ्या सोडल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. दुसऱ्याच्या अंगावर रक्ताचा थेंबही दिसत नाही, पण त्याचं रक्त पोटामागे साचत असतं.

या दोन चुका टळाव्यात म्हणून हा लेख आहे. गंभीर रक्तस्राव फार थोड्या रुग्णांना होतो. ज्यांना होतो, त्यांच्यातले बहुतेक जण वेळेवर ओळखला गेला तर वाचतात.

रक्तस्राव होतो कुठून?

मनगटातल्या किंवा जांघेतल्या धमनीला छिद्र पाडून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात. गुठळी होऊ नये म्हणून त्या वेळी हेपरिन देतात. स्टेंट बसला की पुढे अनेक महिने रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या (अॅस्पिरिन, आणि क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलोर किंवा प्रासुग्रेल यांपैकी एक) चालू राहतात. त्यामुळे रक्तस्राव तीन ठिकाणी संभवतो : जिथून नळी घातली तिथे, खुद्द हृदयाच्या धमनीत, आणि औषधांमुळे अंगात कुठेही. पहिल्या दोन्हींचा धोका बहुतेक करून पहिल्या दोन-तीन दिवसांत असतो. तिसऱ्याचा धोका दोन्ही गोळ्या चालू आहेत तोवर राहतो.

शक्य असेल तर हातातून

मनगटातून अँजिओग्राफी करण्याची पद्धत कॅनडातल्या डॉ. लुसियन कॅम्पो यांनी १९८९ साली मांडली. काही वर्षांतच अॅमस्टरडॅममध्ये डॉ. फर्डिनांड किमेनाय यांनी मनगटातूनच स्टेंटही बसवला. मनगटातली धमनी वरवर असते आणि तिच्यामागे हाड असतं, त्यामुळे ती दाबली की रक्त थांबतं. जांघेतली धमनी मोठी आणि खोल असते. मनगटातून केलेल्या प्रक्रियेत मोठा रक्तस्राव कमी होतो, हे मोठ्या अभ्यासांतून स्पष्ट झालं आहे. ‘हातातून होईल का? होणार नसेल तर का नाही?’ हा प्रश्न आधीच विचारा. धमनी फार बारीक असणं, डायलिसिससाठी हात राखून ठेवावा लागणं, आधीची बायपास अशी खरी कारणं असू शकतात. कारण ऐकून घेणं हा तुमचा अधिकार आहे.

काळंनिळं पडणं आणि गाठ

नळी घातली तिथे डाग पडतो. तो गुरुत्वाकर्षणाने खाली सरकतो, जांभळ्याचा हिरवट, मग पिवळा होतो आणि दोन-तीन आठवड्यांत मावळतो. वाटाण्याएवढी कडक गाठ हाताला लागणंही नेहमीचं आहे. डाग दिसायला कितीही भयंकर असला, तरी जागा मऊ असेल, दुखणं रोज कमी होत असेल आणि गाठ वाढत नसेल तर घाबरू नका.

मात्र पुढीलपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा :

- गाठ वाढते आहे, किंवा तिच्यावर बोट ठेवल्यावर नाडीसारखे ठोके लागतात. धमनीचं छिद्र नीट न मिटल्याने बाहेर रक्ताची पिशवी तयार झालेली असू शकते. डॉपलर सोनोग्राफीत ती दिसते. लहान असेल तर कधी आपोआप बंद होते, नाहीतर सोनोग्राफीत पाहून तिच्यात थ्रॉम्बिनचं इंजेक्शन देतात. ऑपरेशनची वेळ थोड्यांवरच येते.
- जागेवर हात ठेवला की सतत खरखर किंवा थरथर जाणवते.
- हात किंवा पाय गार, फिकट किंवा बधिर पडतो.
- जागा लाल, गरम आहे, पू येतो आहे किंवा ताप आहे.

हातातून प्रक्रिया झालेल्यांसाठी एक विशेष सूचना. मनगटावरचा पट्टा निघाल्यानंतरही कोपरापर्यंतच्या हाताकडे लक्ष ठेवा. क्वचित मनगटाच्या बरंच वर, प्रक्रियेतल्या तारेने धमनीची एखादी बारीक फांदी फाटून आत रक्त साचतं. हात दगडासारखा कडक होतो, बोटं सरळ करताना असह्य कळ येते, मुंग्या येतात. आतला दाब वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा बंद पडण्याची ही सुरुवात असते. अशा वेळी सकाळची वाट पाहू नका. काही तासांच्या उशिरानेही हात कायमचा अधू होऊ शकतो.

आणि कृपा करून त्या जागेवर तेल चोळू नका, गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, हळदीचा गरम लेप लावू नका. मुका मार लागल्यावर घरोघरी हेच करतात, पण इथे आत धमनीचं ताजं छिद्र आहे.

न दिसणारा रक्तस्राव

सगळ्यात जास्त फसवणारी गुंतागुंत हीच. जांघेतलं छिद्र थोडं वर पडलं, तर रक्त बाहेर येण्याऐवजी पोटाच्या मागच्या पोकळीत उतरतं. तिथे जागा भरपूर असते. एक-दोन लिटर रक्त साचलं तरी पट्टी कोरडी आणि मांडी स्वच्छ दिसते. मांडीतून केलेल्या प्रक्रियांमध्ये हे शंभरात एकापेक्षाही कमी जणांना होतं. बायकांमध्ये आणि बारीक चणीच्या रुग्णांमध्ये धोका थोडा जास्त असतो.

लक्षणं साधीच वाटतात. नळी घातलेल्या बाजूच्या कुशीत, ओटीपोटात किंवा कमरेत दुखतं. त्या बाजूची मांडी वर उचलवत नाही. अस्वस्थ वाटतं, दरदरून घाम येतो, उठून बसलं की घेरी येते. घरचे म्हणतात गॅस झाला असेल, शेजारचा म्हणतो पलंग कडक आहे. रुग्ण अजून रुग्णालयातच असेल तर नर्सला फक्त ‘कंबर दुखते’ असं सांगून थांबू नका. ‘अँजिओ मांडीतून झाली आहे, त्याच बाजूला दुखतंय आणि घाम आलाय. ब्लडप्रेशर बघा आणि डॉक्टरांना बोलवा,’ असं पूर्ण वाक्य बोला. हिमोग्लोबिन आणि पोटाचा सीटी स्कॅन यांवरून निदान पक्कं होतं. बऱ्याच जणांना सलाइन, रक्त आणि सक्त विश्रांती पुरते. काहींच्या धमनीतली गळती आतून बंद करावी लागते.

पोटात रक्त पातळ करणारी इंजेक्शनं घेतलेल्या रुग्णांना, विशेषतः जोराचा खोकला असेल तर, पोटाच्या भिंतीतल्या स्नायूतही रक्त साचू शकतं. पोटाच्या एकाच बाजूला एकाएकी दुखरा, कडक उंचवटा आला तर तेही त्याच तातडीने दाखवा.

हृदयाभोवती रक्त साचलं तर

बारीक तार किंवा फुग्यामुळे हृदयाच्या धमनीला भोक पडणं हे दोनशेत एखाद्यालाच होतं, किंवा त्याहूनही कमी. कॅल्शियम जमून कडक झालेल्या किंवा पूर्ण बंद पडलेल्या धमन्यांमध्ये ते थोडं जास्त संभवतं. बहुतेक वेळा ते कॅथ लॅबमध्येच लक्षात येतं. डॉक्टर फुगा फुगवून भोक दाबून धरतात, हेपरिनचा परिणाम उतरवणारं औषध देतात आणि गरज पडल्यास आवरण असलेला स्टेंट बसवतात. हृदयाभोवती साचलेलं रक्त सुईने काढतात. क्वचित तातडीने छाती उघडावी लागते.

तारेने पडलेलं सूक्ष्म भोक मात्र काही तासांनी त्रास देऊ शकतं. प्रक्रिया व्यवस्थित पार पडली, रुग्ण बोलत होता, आणि मग एकाएकी धाप, बेचैनी, मानेच्या शिरा फुगणं, ब्लडप्रेशर उतरणं सुरू झालं, तर ‘इको करून पाहिला का?’ हा प्रश्न नातेवाइकांनी विचारायलाच हवा. खाटेशेजारीच काही मिनिटांत इको होतो आणि निदान लागतं.

प्लेटलेट घसरल्या तर

हार्ट अटॅकमध्ये गुठळी मोठी असेल तर टिरोफिबान किंवा एप्टिफिबटाइड ही औषधं शिरेतून देतात. फार थोड्या रुग्णांत त्यानंतर काही तासांतच प्लेटलेट झपाट्याने कोसळतात. हिरड्यांतून रक्त येतं, अंगावर बारीक लाल ठिपके उठतात. औषध थांबवलं की प्लेटलेट सावरतात. म्हणून हे औषध चालू असताना रक्ततपासणी पुन्हा करतात. त्या सुईसाठी कुरकुर करू नका.

हेपरिनमुळे प्लेटलेट उतरतात त्या साधारण पाचव्या ते दहाव्या दिवशी, आणि त्यात रक्तस्रावापेक्षा गुठळ्यांचं भय जास्त असतं. क्लोपिडोग्रेलमुळे होणारा प्लेटलेटचा एक गंभीर आजार तर अत्यंत दुर्मीळ आहे. पण गोळी सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताप, लाल ठिपके आणि बोलण्यात असंबद्धपणा असं एकत्र दिसलं तर लगेच दाखवा.

आपल्याकडे याला पावसाळ्याची जोड आहे. स्टेंटचा रुग्ण आणि त्याला डेंगी, हे जुलै ते नोव्हेंबरात कुठल्याही गावात घडू शकतं. तापाच्या पहिल्याच दिवशी फॅमिली डॉक्टरांना सांगा की स्टेंट कधी बसला आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत. गोळ्या चालू ठेवायच्या, एक कमी करायची की थांबवायच्या, हे प्लेटलेटचा आकडा, रक्तस्राव आणि स्टेंट किती नवा आहे हे पाहून ठरतं. तो निर्णय फिजिशियन आणि हृदयरोगतज्ज्ञ यांनी फोनवर बोलून घ्यायचा आहे. लॅबचा रिपोर्ट पाहून घरी घ्यायचा नाही.

आठवडे-महिने उलटल्यावर

- काळी शी : डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शी म्हणजे जठरातला रक्तस्राव समजा आणि त्याच दिवशी रुग्णालयात जा. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण ती चिकट आणि उग्र वासाची नसते. शंका असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या.
- रक्ताची उलटी, किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी : थेट रुग्णालय.
- एकाएकी असह्य डोकेदुखी, उलटी, तोंड वाकडं होणं, बोलणं जड होणं : जिथे सीटी स्कॅन आहे अशाच ठिकाणी न्या. वाटेत छोट्या दवाखान्यात थांबून वेळ घालवू नका.
- डोक्याला मार : बाथरूममध्ये घसरून डोकं आपटलं आणि बाहेर फक्त टेंगूळ दिसतंय, तरी गोळ्या चालू आहेत हे सांगून डॉक्टरांना दाखवाच.
- खोकल्यातून ताजं रक्त आणि धाप : फार क्वचित फुप्फुसात रक्तस्राव होतो. यात वाट पाहायची नाही.
- नाकातून रक्त : पुढे झुकून बसा, नाकाचा मऊ भाग सलग पंधरा मिनिटं चिमटीत धरा, तोंडाने श्वास घ्या. डोकं मागे टाकू नका. तरीही थांबलं नाही तर दवाखाना.

दाढी करताना रक्त थोडं जास्त वेळ येणं, दात घासताना ब्रश किंचित लाल होणं, दंडावर नकळत डाग पडणं याने जीव जात नाही. पुढच्या भेटीत सांगा आणि गोळी चालू ठेवा.

छिद्रातून रक्त येऊ लागलं तर पहिली दहा मिनिटं

1. आहात तिथेच आडवे व्हा. चालत गाडीपर्यंत जाऊ नका.
2. मांडी असेल तर दुसऱ्या कुणाला तरी जांघेत, त्वचेवरच्या छिद्राच्या दोन बोटं वर, जोराने दाबायला सांगा. मनगट असेल तर छिद्रावरच अंगठ्याने दाबा आणि हात उंच धरा.
3. घड्याळ लावून दहा मिनिटं दाब सोडू नका. ‘थांबलं का’ म्हणून बोट उचलून पाहू नका. बहुतेक जण इथेच चुकतात.
4. चिळकांडी उडत असेल, गाठ झपाट्याने फुगत असेल किंवा घेरी येत असेल, तर दाबता दाबताच दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. दहा मिनिटांनीही रक्त थांबलं नाही तरी हाच फोन.
5. थांबलं तर तासभर पडून राहा आणि रुग्णालयाला कळवा.

मांडीतून झालं असेल तर पहिले काही दिवस उकिडवं बसू नका. देशी संडासाऐवजी कमोड किंवा कमोडची खुर्ची वापरा, कुंथू नका, भरलेली बादली उचलू नका, मोटारसायकलला किक मारू नका. हातातून झालं असेल तर त्या हातावर भार देऊन उठू नका. खोकताना, शिंकताना मांडीवरची जागा तळहाताने दाबून धरा.

गोळ्या : सगळ्यात महागात पडणाऱ्या चुका

नव्या स्टेंटमध्ये अचानक गुठळी झाली तर हार्ट अटॅक येतो आणि त्यात अनेक रुग्ण दगावतात. पहिला महिना सर्वात नाजूक. साधारणपणे हार्ट अटॅकनंतरच्या स्टेंटला दोन गोळ्या वर्षभर आणि ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीला सहा महिने देतात. रक्तस्रावाचा धोका जास्त असेल तर डॉक्टर ही मुदत कमी करू शकतात. ती कमी करून मागता येते, पण स्वतः कमी करायची नाही.

- एका कॅप्सूलमध्ये तीन औषधं. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलचं औषध एकत्र असलेल्या कॅप्सूल आपल्याकडे सर्रास देतात. त्याबरोबर जुन्या चिठ्ठीतली इकोस्प्रिन (म्हणजे अॅस्पिरिनच) वेगळी चालू राहिली तर डोस दुप्पट होतो. ‘कोलेस्टेरॉलची गोळी नको’ म्हणून ती कॅप्सूल सोडली तर तिन्ही औषधं बंद पडतात. पाकिटावरची नावं मेडिकलवाल्याकडून वाचून घ्या.
- गोळी बदलली, जुनी थांबवली नाही. टिकाग्रेलोर देऊन क्लोपिडोग्रेल बंद केली असेल, किंवा उलट, तर घरातल्या जुन्या पट्ट्या बाजूला काढून टाका.
- प्रासुग्रेल. पूर्वी पक्षाघात झाला असेल तर ही गोळी देत नाहीत. वय ७५ च्या वर किंवा वजन ६० किलोपेक्षा कमी असेल तर खास सावधगिरी लागते. आपल्याकडच्या कितीतरी वयस्कर बायका या वजनात बसतात. म्हणून वजन विचारलं नाही तर आपणहून सांगा.
- दुखण्यावरच्या गोळ्या. गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेणं हे जठरातल्या रक्तस्रावाला आमंत्रण आहे. पॅरासिटामॉल घ्या. न ओळखता येणाऱ्या सांधेदुखीच्या पुड्या तर नकोच.
- पित्ताची गोळी. दोन गोळ्यांबरोबर जठराला संरक्षण लागतं का, हे विचारा. क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ओमेप्राझोल आणि एसोमेप्राझोल टाळून बहुधा पँटोप्राझोल देतात, कारण पहिल्या दोन्हींमुळे क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी होतो.
- दात काढायचा आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. यांसाठी सहसा गोळ्या थांबवाव्या लागत नाहीत. कुणी थांबवायला सांगितलं तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय थांबवू नका. पुढे ढकलता येणारं मोठं ऑपरेशन असेल तर ते ढकला.
- पैसे पुरत नाहीत. एक दिवसाआड गोळी घेऊ नका. डॉक्टरांना सरळ सांगा. स्वस्त पर्याय असतात आणि जनऔषधी केंद्रातही मिळतात.

प्रक्रियेआधी आणि घरी निघताना

पुढील गोष्टी डॉक्टरांना आपणहून सांगा : वय ७५ च्या पुढे, हिमोग्लोबिन ११ च्या खाली, किडनी किंवा लिव्हरचा आजार, पूर्वीचा अल्सर, मूळव्याधीतून वाहणारं रक्त, मेंदूतला रक्तस्राव, कॅन्सर, आणि अॅसिट्रोम किंवा वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी. यांपैकी काही असेल तर स्टेंटची निवड आणि गोळ्यांची मुदत बदलू शकते. म्हणूनच हे आधी कळायला हवं.

निघताना तीन गोष्टी लिहून घ्या : कोणती गोळी किती तारखेपर्यंत, रात्री फोन उचलणारा नंबर, आणि तुमच्या गावापासून सर्वात जवळ सीटी स्कॅन व रक्तपेढी असलेलं रुग्णालय. पुण्यात किंवा नाशकात अँजिओप्लास्टी करून शंभर किलोमीटरवरच्या गावी परतणाऱ्यांसाठी तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची आहे. मांडीतून झालं असेल तर त्याच दिवशी खड्ड्यांच्या रस्त्याने लांबचा प्रवास टाळा.

तुमचे हक्क

संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी धोके तुम्हाला समजेल अशा भाषेत सांगितले गेले पाहिजेत. फॉर्म इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून मागा. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार, मागणी केल्यापासून ७२ तासांत केसपेपरच्या प्रती द्याव्या लागतात. अर्ज लेखी करा आणि पोच घ्या. अँजिओची सीडीही मागा. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेत माहिती, दुसऱ्या डॉक्टरांचं मत आणि तातडीचे उपचार हे हक्क आहेत. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद रुग्णालयात लावणं बंधनकारक झालं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार झाले असतील, तर गुंतागुंतीचा खर्च मागितला जाताच पैसे भरण्यापूर्वी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा.

तक्रारीबद्दल स्पष्ट सांगतो. रक्तस्राव झाला म्हणजे हलगर्जीपणा झाला, असं होत नाही. उत्तम हातांनी केलेल्या प्रक्रियेतही तो होऊ शकतो. विचारायचा प्रश्न वेगळा आहे : लक्षण सांगितल्यावर रुग्णाला किती वेळात पाहिलं, ब्लडप्रेशर आणि हिमोग्लोबिन तपासलं का, सीटी किंवा इको केव्हा झाला? ही उत्तरं नर्सिंग चार्टवर वेळेसह असतात. त्यासाठीच प्रती हव्यात. उत्तरं समाधानकारक नसतील तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते, आणि पैसे देऊन घेतलेल्या उपचारांबद्दल दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे जाता येतं. डॉक्टरांवर किंवा कर्मचाऱ्यांवर हात उचलणं हा गुन्हा आहे, आणि त्या गोंधळात शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचेही उपचार थांबतात.

घरात स्टेंटचा रुग्ण असेल तर आज रात्रीच त्यांच्या डिस्चार्ज कार्डाचा आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्यांचा फोटो काढून घरातल्या किमान दोघांच्या मोबाइलवर ठेवा.